कोन होय?

सावरटोल्याच्या मच्छीमार सोसायटीत
एक कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर धुतलेला टॉवेल,
टॉवेलवर पालीची शेपटी, कधीची कोण जाणे.
मंगळवारी वाटपाची यादी निघेना.
पडद्यावर तांबडी ओळ :
सर्वर सापडत नाही,
की आहे, पण बोलत नाही.

सचिव शालीकजी मारबते दोनदा चष्मा पुसून म्हणाले,
"का झालं वं मोनाली? मेला का तो?"
मेला नसंल जी. पत्ता चुकला असंल.

प्रोग्राम नागपूरच्या पोरानं लिहिलेला.
पोरगा आता पुण्यात, फोन उचलत नाही.
मी फाईल उघडली, खालीवर चाळली,
आणि ती ओळ सापडली
जिच्यावाचून बाकीच्या तीन हजार ओळी
नुसत्या पाळीवर बसून राहतात :

सर्वर अमुक; डेटाबेस अमुक;
युजर अमुक; पासवर्ड अमुक;
मधे मधे अर्धविराम,
जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवाव्या तसे.

कुठं जायचं, कोणत्या खोलीत, कोण आलंय, खूण काय.
दर वेळी तेच, दर वेळी नव्यानं.
काल आलो होतो, याची त्याला ओळख नाही.

आमच्याकडे रात्री कवाड वाजलं
तर आतून एवढंच विचारतात, "कोन होय?"
बाहेरचा म्हणतो, "मी होय."
नाव नाही, गाव नाही.
कडी निघते.
बाप पहाटे तीनला तळ्यावरून यायचा,
टोपलीत दाडक, बोटरी, एखादी मरळ,
आणि "मी होय" म्हणायच्या आधीच
माय उठून बसलेली असायची,
खोकल्यावरून.

मशीनला खोकला समजत नाही.

पासवर्ड उघडाच लिहिलेला : तुडूम एक दोन तीन.
मी हसले. शालीकजींनीच सुचवला असणार.
तळ्याचं पाणी सोडायची जागा,
शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण ती खूण बरोबरच होती. नाव बरोबर, खोली बरोबर.
चुकला होता पहिलाच शब्द :
चार आकडे, मधे तीन टिंबं,
रविवारी वीज पडून जळालेल्या राऊटरनं
कधीकाळी दिलेला पत्ता.

आणि डेटाबेस? तो कुठं गेलाच नव्हता.
याच टेबलाखाली, याच डब्यात,
माझ्या गुडघ्यावर गरम हवा सोडत बसला होता.
आम्ही घरातूनच घराला
जळालेल्या रस्त्यानं हाका मारत होतो.

मी आकडे खोडले.
त्यांच्या जागी ठिपका दिला.
सर्वर बरोबर ठिपका.
एवढंच.
म्हणजे इथंच. म्हणजे, मी होय.

दोन सेकंद काहीच नाही.
मग दोनशे बारा ओळी धडाधड,
वलथरे, दिघोरे, नान्हे,
तुळसाबाई मेश्राम, वाटा पाव, सही अंगठा,
आणि एकशे सदतिसावर बाप,
चालू सभासद.
चार वर्षं झाली. वाटा अजून त्याच्याच नावानं येतो,
माय घेऊन जाते.
शालीकजींनी पाहिलं, मग प्रिंटरकडं पाहिलं.
"राहू दे, आमसभेत पाहू," म्हणाले.
मागच्या आमसभेतही हेच म्हणाले होते.

एक काम उरलं होतं.
उघडलेली जोडणी बंद करायची ओळ
त्या पोरानं कुठंच लिहिली नव्हती.
तुडूम उघडून माणूस जेवायला गेला
तर सकाळी मासे चिखलात फडफडतात.
ती ओळ मी लिहिली, सात ठिकाणी.
पासवर्डही बदलला.

"मले सांगून ठेव," शालीकजी म्हणाले,
"तू नसलीस तं कसं उघडंल हे?"

कवाडाशी येऊन, म्हटलं,
नुसतं खोका जी.